गंगाजळी

पेपरात छापलंय, देशाची गंगाजळी आटली,
आता अमुक आठवड्यांची आयात भागेल एवढीच.
मकरपुऱ्याच्या शेडमध्ये डबा उघडता उघडता
मी ती बातमी दोनदा वाचतो.
आमची आहे तीन महिने अकरा दिवसांची.
हे फक्त मला आणि शिर्केबाईंना ठाऊक.

आमचे व्हॉल्व्ह समुद्रात आहेत.
जहाज आफ्रिकेला वळसा घालून चाललंय,
पैसे त्याच्याही मागून, पायी.

बाईंनी कोणाला काढलं नाही.
आठवडा चार दिवसांचा केला,
स्वतःचा पगार माझ्याच हातानं पुढे ढकलला, लाल शाईत.
पाचव्या दिवशी नारसिंग राठवा आणि कनुभाई
डेअरीचे पंप दुरुस्त करायला पादऱ्याला जातात.
येताना बिल आणतात, कधी बिलासोबत वांगी.
"हे आपलं काम आहे का?" मी विचारलं.
"लेथला काय कळतंय," बाई म्हणाल्या,
"जहाज कुठलं न् म्हैस कुठली."

लेथखालचा कीस आता दोन पिंपांत पडतो,
पितळ पितळेत, पोलाद पोलादात.
एकत्र होता तेव्हा भंगारवाला
सगळ्याला लोखंडाचाच भाव लावायचा.
नऊ वर्षं.
मीच पावत्या फाडत होतो.

विश्वामित्री नाल्यातून उलटी आली, त्या वर्षीची
मातकट रेघ अजून भिंतीवर आहे.
रंगारी आला तेव्हा बाई म्हणाल्या, तेवढी सोड.
मोटारी तिच्या वीतभर वर बसतात, नव्या ओट्यावर,
लग्नातल्या मानाच्या आत्यांसारख्या.
ओट्याचा खर्च मी 'अनावश्यक'च्या रकान्यात लिहिला होता.
अजून खोडलेला नाही.

रात्री दांडिया बाजारात, आमच्या दोन खोल्यांत,
आई देव्हाऱ्यातला गडू पुसायला घेते.
तांब्याचा, तोंड झाळलेला, वडिलांनी काशीहून आणलेला.
शेवटच्या घोटासाठी आहे, कोणी उघडत नाही.
झाळलेल्यातूनही पाणी उडतं मात्र,
दर उन्हाळ्यात थोडं.
ती गडू कानाशी धरून हलवते.
"वाजतंय," म्हणते, समाधानानं.
मी गप्प राहतो.
भरलेला असता तर वाजला नसता.

उद्या दार उघडताच बाई विचारतील, किती?
तीन महिने दहा दिवस, मी सांगेन,
आणि पादऱ्याचं बिल धरलं
तर बारा.