शेऱ्याचा रकाना

सोमवारी ईश्वरीनं खिचडीचा घास तोंडात घेतला
आणि तसाच ताटलीत परत ठेवला.
मी बॅटरी धरली. जिभेच्या कडेला चार ठिपके,
तळहातावर तीन, टाचेशी एक.
बुधवारपर्यंत पाच पोरं गप्प झाली.
एवढी शांतता अठरा वर्षांत
या अंगणवाडीनं ऐकली नव्हती.

गाव मात्र बोलायला लागलं.
डेअरीच्या रांगेत, कॅनला कॅन लावून:
ही जनावरांची लाळ-खुरकूत, गोठ्यातनं पोरांत आली.
न्हाई, देवी हाय, सात दिवस फोडणी बंद ठेवा.
आणि पूनमच्या फोनवर लाल अक्षरांत,
खाली जोडलेले दोन हात:
टोमॅटोचा ताप आलाय. पोरांना टोमॅटो देऊ नका.
शंभर जणांना पाठवा.

हणमंत फाळके घरटी पाटीभर फुकट देतो म्हणाला,
कुणी कडी काढली नाही.
भिंतीवरचा ट टोमॅटोचा, मीच रंगवलेला,
तोसुद्धा पुसा म्हणाली एक आजी.
कलाबाईनं खिचडीतल्या फोडी बोटानं वेचल्या,
माझ्याकडं न बघता.

बाई, तुम्ही सांगा.
बाई म्हणतात, म्हणजे मला माहीत असणार.
माझ्याकडं वजनकाटा आहे, उंचीची पट्टी आहे,
कुलूप नसलेलं एक कपाट आहे.
मी म्हणाले, मला माहीत नाही. विचारून सांगते.
म्हणताना कान तापले.

मुल्ला सिस्टर लसीकरणाला वरच्या वाडीत,
तिथं फोन लागत नाही.
रात्री टाकीच्या जिन्यावर बसून मीच शोधलं.
एकजण पांढऱ्या कोटात, फार गोड बोलत होता.
नाव नव्हतं. तारीख नव्हती. दवाखाना कुठला, नव्हतं.
खाली काढ्याची किंमत तेवढी होती,
दोन बाटल्यांवर एक मोफत.

गुरुवारी पहिल्या एसटीनं वाठारला,
मांडीवर ईश्वरी, शेजारी तिची आई.
डॉक्टर शेटे माझ्या पोरीच्या वयाच्या.
त्यांनी तोंड बघितलं, तळवे बघितले,
मग ड्रॉवरमधनं एक पुस्तक काढून
आमच्यासमोरच पान उघडलं.
हा विषाणू. गुरांचा निराळा, हा निराळा.
नाव फोडांच्या रंगावरनं पडलंय,
टोमॅटोनं काही केलेलं नाही.
आठ-दहा दिवस. थंड, पातळ, थोडं थोडं पाजत राहा.
लघवी कमी झाली, पोर मलूल पडलं,
ताप हटेना, तर वाट बघू नका, इकडं आणा.

नक्की का, मॅडम?
हिचं नक्की, त्या म्हणाल्या.
बाकीच्या चौघांना तेच आहे का,
ते बघितल्याशिवाय सांगणार नाही.

या दुसऱ्या वाक्यावर माझा विश्वास बसला.

परतीच्या गाडीत चंदन-वंदन खिडकीतनं सरकत होते,
आणि ईश्वरी, चार दिवसांनी पहिल्यांदा,
ताकाच्या पिशवीसाठी भांडली.

मग आम्ही खेळणी धुतली. ठोकळे, बाहुली,
चाक नसलेला ट्रॅक्टर, सगळं उन्हात.
सिस्टर आल्या, उरलेल्या चौघांना बघून गेल्या.
डेअरीच्या फळ्यावर दुधाच्या दराखाली
मी खडूनं लिहिलं: कुणी सांगितलं, कुठं, कुठल्या तारखेला.
संध्याकाळी वाचलं तर कुणीतरी
टोमॅटो या शब्दाला देठ काढला होता.
सगळ्यांना पटलं असं नाही.
दोन घरांत फोडणी बंदच राहिली.
फाळके पाटी घेऊन आला. कलाबाईनं चार उचलले,
एक पुसून स्वतःच खाल्ला, सगळ्यांदेखत.

आज तीन आठवड्यांनी पूनम धापा टाकत आली.
विराजच्या अंगठ्याचं नख निघालं, बाई,
मुळापासनं, दुखत पण न्हाई म्हणतो.
हातरुमालात गुंडाळून आणलंय,
तांदळाच्या कणीएवढं.
हे पुस्तकात होतं का? मला आठवेना.

रजिस्टर उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात
तारीख घातली, पुढं लिहिलं:
माहीत नाही.
आणि फोन घेऊन टाकीकडं निघाले.