नाका

पत्रादेवीच्या नाक्यावर दर शनिवारी माझी स्कूटर हळू होते,
बांद्याला आईकडे जाताना.
पोलीस आता ओळखतो. तरी हात वर करतो,
डिकी उघडा म्हणतो,
आणि बघून झाल्यावर, 'जावा, टीचर.'

तोरश्याच्या शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत,
सतरा मुलं, एक पंखा.
परिपत्रक आलं होतं:
वैयक्तिक अवकाश व मर्यादा, तासिका एक.
अवकाश म्हटल्यावर कृपेश म्हणाला, 'चंद्र?'
नाही रे. तुझ्या कोपरापासून साईशच्या कोपरापर्यंत
जे उरतं ते.
दोघांनी कोपरं जुळवून दाखवली.
काही उरलं नव्हतं.

मग पडवीत खडू वाटले.
हात पसरा, गोल फिरा,
बोटं पोचतात तिथवर रेघ.
कृपेशने निम्मी पडवी घेतली, पाण्याच्या पिंपासकट.
स्नेडनचं वर्तुळ खांबाला अडून अंड्यासारखं झालं.
जुळ्या घाडी बहिणी एकाच गोलात,
'टीचर, आमका एकच पुरे.'
असू दे म्हटलं.
दहा मिनिटांत मधोमध रेघ आली,
आणि रेघेवरून भांडण.

दिक्षिताने मात्र पावलांभोवती काढलं,
चपलेएवढं.
खडू संपला का गं?
मान हलली, नाही.
दुसरा दिला. तो तिने मुठीत ठेवला.

'आता कुणाला आत यायचं असेल तर?'
'विचारायचं!'
'आणि तुम्हाला नको असेल तर?'
सगळी एकदम ओरडली, 'नाका!'

शाळेची भाषा मराठी, पण नकार घरूनच येतो.
मी फळ्यावर लिहिला तो,
आणि लिहून झाल्यावर त्याच्याकडे बघत राहिले.
नाका.
घरी बोलतात तो,
आणि हमरस्त्यावर आडवा बांबू घेऊन उभा असतो तो.

'पत्रादेवीला सगळ्यांच्या गाड्या थांबतात ना?'
'आमदाराची थांबत नाय,' साईश म्हणाला.
खरं होतं. मी खडू खाली ठेवला.
'तुझ्या नाक्यावर त्याचीही थांबते.
मामाची, शेजाऱ्याची,
खाऊ घेऊन आलेल्याची तर आधी.'

चवथ आठ दिवसांवर. घरं भरतील.
मामाची मिशी टोचते, तरी मुका द्यायचा?
डॉक्टर पोट दाबतो ते?
आई जवळ असते, आणि तो आधी सांगतो, म्हणून चालतं.
आणि गुदगुल्या?
गुदगुल्यांवर वर्ग फुटला. अर्धे हो, अर्धे नाही.
'हसू येता म्हणून आवडता असा नाय,'
दिक्षिता म्हणाली, पायरीकडे बघत,
इतक्या हळू की पंख्याने ते जवळजवळ नेलंच होतं.

मी ते वहीत लिहिलं, तारीख घालून.
आज तिच्या आईला बोलवायचं,
असं खाली लिहिलं, आणि त्याखाली रेघ ओढली.

माझ्या लहानपणी गालगुच्चा हा आशीर्वाद होता.
गाल आमचे, बोटं येणाऱ्या-जाणाऱ्याची.
तोंड फिरवलं की आई डोळे वटारायची,
पाहुणे गेल्यावर म्हणायची, असं करू नये.
'असं' म्हणजे तोंड फिरवणं.

घंटा झाली. दप्तरं, छत्र्या, चुकीच्या चपला.
दिक्षिता शेवटी निघाली.
दारात माझा हात सवयीने
तिच्या डोक्यावर जायला निघाला होता.

'नाका, टीचर.'

हात हवेतच राहिला, खडूने पांढरा.
काय करावं ते त्याला सुचेना.
'बरं,' मी म्हटलं.
ती चिखल चुकवत गेली. मागे बघितलं नाही.
मला वाटलं होतं, बघेल.

शनिवारी पोलिसाने हात वर करायच्या आधीच थांबले.
डिकीत माटोळीची फळं होती, तोरींजनं, सुपाऱ्या.
'विचारलंत ते बरं केलंत,' मी म्हटलं.
त्याला काही कळलं नाही.
'जावा, टीचर,' म्हणाला.