पाणी न प्यालेले

कालिरोई म्हणते, हात नको लावूस आधी,
नाक लाव.
देठापाशी वास आला पाहिजे
तापलेल्या पत्र्याचा, थोडा उन्हात झोपलेल्या मांजराचा.
नाही आला तर ठेव खाली,
कितीही लाल असो.

सकाळी दारात तीन पेट्या.
एक बोटीतून उतरलेली, अथेन्सकडची:
सगळे एका मापाचे, गोट्यांसारखे,
चावलं की पाणी, आणि पाण्यात साखर.
"हे वाढदिवसांना," म्हणत ती पेटी पायाने सारते.
दुसरीत पिवळे, खजुराएवढे. ते अख्खेच वाढायचे,
मीठसुद्धा नको.
तिसरी झानिसची.
सान्तोरिनीच्या राखेत वाढलेले,
समुद्रावरून पहाटे येतं तेवढंच धुकं पिऊन.
कुणी बोराएवढा, कुणी आवळ्याएवढा,
भोपळ्यासारख्या फाका,
आणि साल अशी की दात आधी विचारात पडतो.

मी बेरातची. आमच्याकडे टोमॅटो म्हणजे
दोन्ही हातांनी उचलायची गोष्ट.
पहिल्या आठवड्यात झानिसचे अर्धे फेकले मी,
चिरलेले, वाकडे, खांद्यावर हिरवे.
कालिरोईने ते कचऱ्यातून काढले, धुतले.
बोलली नाही.
दुपारी माझ्या ताटलीत फक्त तेच होते
आणि पाव.
तेव्हापासून मी चिरलेले आधी उचलते.

भजी अशी: टोमॅटो बारीक कापायचे, पिळायचे नाहीत.
कांदा, मीठ, मूठभर पुदिना.
पीठ किती? मागेल तितकं.
आणि पाणी? पाण्याचं नाव काढू नकोस, ती म्हणते,
उन्हाळाभर ज्याने मागितलं नाही
त्याला आता कशाला बाटवतेस.

जुलैत ती डोळ्याच्या ऑपरेशनला अथेन्सला गेली.
चार दिवस. चाव्या माझ्याकडे.
दुसऱ्या दिवशी झानिस आला,
पेटी ठेवली आणि नेहमीसारखा बसला नाही.
मी वाकले.
वरच्या थराला वास होता.
खालच्या थराला नव्हता.
खाली गोट्या होत्या, बोटीतल्या,
राखेत घोळवलेल्या.

तो समुद्राकडे बघत राहिला.
"यंदा धुकंच आलं नाही, द्रिता," म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने,
"पोरगा त्या जमिनीवर खोल्या बांधतोय. चार. पोहायच्या टाकीसह."

मला चिडायचं होतं, खरंच.
पण त्याची बोटं दिसली, नखांत राख.
एवढी राख चोळायला
किती वेळ लागला असेल त्याला, अंधारात, एकेका गोटीला.
वरचा थर मी तोलला: अडीच किलो.
तेवढ्याचेच पैसे दिले.
कॉफी मात्र दोघांची केली,
आणि गोट्यांची पेटी त्यानेच परत उचलली.

अडीच किलोत चाळीस माणसांचं काय होणार.
फळ्यावरचं नाव पुसलं मी, "भजी" एवढंच ठेवलं,
प्रत्येकाला दोन.
एक जर्मन बाई आणखी मागत होती.
"संपली," मी म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं.
पुदिना कमी पडला म्हणून
आईने पुडीत बांधून दिलेला डोंगरी ओवा चुरून घातला,
बेरातचा, गेल्या वर्षीचा.

कालिरोई परतली, एका डोळ्यावर पट्टी.
तिच्यासाठी ठेवलेलं एक तिने हातात फिरवलं,
नाकाशी नेलं.
"पुदिना नाही हा."
"नाही."
"झानिसचे?"
"जेवढे होते तेवढे."

उघड्या डोळ्याने ती माझ्याकडे बघत राहिली.
मग खाल्लं. सालीपाशी थांबली,
चावत राहिली जरा जास्तच वेळ.
ताटलीत दुसरं नव्हतं, तरी तिचं बोट
तेलाच्या डागावरून एकदा फिरलं.

"तो ओवा," ती म्हणाली,
"किती उरलाय?"