मागून लिहिलेली पानं

वही एकच आहे. दोनशे पानी,
मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीनं दिवाळीत वाटलेली.
पुढून खर्च लिहिते:
सुतळी, खळ, काळा पुठ्ठा सोळा,
चहा साठ कप, उधार, मगदूमांकडं,
भडंग तीन किलो, शेंगदाणे जास्त घाला म्हणून सांगणे.
मागून लिहिते नदी:
तारीख, पाणी कसं होतं, कुठवर गेले.
दुसरा खांब. डावा खांदा.
दुसरा खांब. जलपर्णी.
गेले नाही, मगर दिसली म्हणे.
बाळगोंडाअण्णा म्हणाले, तिलाबी व्यायाम लागतोय की.

पन्नाशीच्या आत सांगलवाडीच्या काठाला हात लावून
न थांबता परत यायचं, एवढंच आहे.
कुणाला सांगितलेलं नाही.
सांगितलं की लोक बॅनर छापतात.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी
खणभागातल्या आमच्या बोळात सावल्यांचा खेळ असतो.
पडदा म्हणजे यास्मिन मुजावरच्या लग्नातली डबल चादर.
आधी नको म्हणाली,
मग स्वतःच इस्त्री करून घेऊन आली.
भिंतीवर पुराची रेघ आहे अजून,
खिळे तिच्या वरच ठोकतो, सवयीनं.

या खेपेला रिटायर कंडक्टर सुकुमार आवटींनी
एसटीची घंटी आणली, दोरीसकट,
आणि तीस वर्षांचे प्रवासी पुठ्ठ्यातून कापून:
कोंबडी पदराखाली घेऊन चढणारी,
कधीच सुट्टे नसणारा,
आणि एक जण, नुसताच खिडकीला डोकं टेकलेला.
त्याच्यावर कुणी हसलं नाही.
आवटींनी त्याला पडद्यावर जरा जास्त वेळ ठेवलं.

रात्री साडेअकराला खुर्च्या मोजल्या. एकोणचाळीस.
पुन्हा मोजल्या. एकोणचाळीस.
पहाटे साडेपाचला घाटावर.

तिसऱ्या खांबाशी पोचले, पहिल्यांदाच.
आयर्विनवरून दुधाच्या गाड्या चाललेल्या, डोक्यावर,
श्वास बरोबर बसलेला,
आणि तिथं, मधोमध, आठवलं:
डेकोरेशनवाल्याला काय सांगू?
लय सुटली. नाकात कृष्णा गेली.
शेजारी अण्णा, वय चौऱ्याहत्तर,
पोहता पोहता गप्पा मारणारे घाटावरचे एकटेच.
काय झालं गं?
खुर्ची, म्हटलं.
कुठली?
चाळिसावी.
अण्णा दोन हात मारून म्हणाले,
मग, बसून येतीस का अशीच फिरतीस?
हसू आलं. हसत पोहता येत नाही.
फिरले.

भाऊ म्हणतो, एक धर, एक सोड.
मी म्हणते, पुढच्या खेळाला कुणाची गोष्ट घ्यायची
ते मला पाण्यात तोंड घातल्यावरच सुचतं.
हे म्हणायला बरं आहे.
खरं म्हणजे फेब्रुवारीत दोन रविवार नदीला गेले नाही,
चादर धुवायची होती.
आणि एका शनिवारी खेळ चालू असताना
पेटीवर डोकं ठेवून झोपले, घोरले,
तो आवाज मुलांना गोष्टीतलाच वाटला.

वहीत आता मध्ये अकरा पानं कोरी आहेत.
पुढचं अक्षर बरं, हिशेबाचं. मागचं ओल्या हाताचं.
समोरासमोर येऊन काय बोलतील कोण जाणे.

खुर्ची सोमवारी सापडली.
यास्मिनच्या तनीमनं, वय नऊ, बोळाच्या पलीकडं,
पडद्याच्या पाठीमागं नेऊन ठेवली होती.
तिथनं काय दिसतं गं?
म्हणाली, सावली नाही दिसत.
आवटीकाका दिसतात. त्यांचे हात थरथरतात
आणि ते सगळ्यांची तिकिटं
खरंच फाडतात.

मागच्या पानावर लिहिलं: तिसरा खांब. खुर्ची.
पुढच्या पानावर: खुर्च्या एक्केचाळीस,
त्यातली एक पडद्यामागं.