खारी भिंत

अमृतराव शिलोत्रींनी पहिला खांब उभा केला
तेव्हा कोळशेतचं 'मोठं आगर' गेलं.
खांब पिळाचा, द्राक्षवेलींचा.
इकडे द्राक्षं पाहिली होती कुणी?
गोव्याहून आणलेल्या सांतान मिस्त्रीची द्राक्षं
अजूनही करवंदंच वाटतात.

दुसऱ्या खांबाला 'वडाखालचं' गेलं,
तिसऱ्याला 'नवरीची कोंडी'.
पुढे आगरांची नावं संपली,
खांब सोळा व्हायचे होते.

थोरल्या बाईंचे तोडे गिलाव्यात,
धाकटीच्या पाटल्या छताच्या वर्खात.
मान मागे टाकून अमृतराव म्हणायचे,
"आभाळ थोडं उजवीकडे फिकं पडलंय."
सावकाराचा माणूस तेव्हा ओट्यावर
तिसऱ्यांदा पाणी मागत असे.

देवदूत हवे होते. गुबगुबीत.
सांतानला नमुना मिळेना,
तर रेतीचं घमेलं उतरवून माझा आजा,
हाशा मढवी, म्हणाला, माझा पोर घे.
वर्षाचा माझा बाप
तीन दुपारी पाटावर बसला, गूळ चोखत,
आणि चाळीस वेळा छताला चिकटला.
मजुरी दोन आणे. वहीत आहे, बाकी म्हणून.

रेती खाडीचीच.
धुवायला गोडं पाणी हवं,
आणि गोड्या पाण्याची विहीर तोवर विकलेली.
"मालक, भित खारट होल."
मालक जिना बघत होते:
दोन अंगांनी वळत वर जाणारा,
वरचा मजला कधीच न मिळालेला जिना.
घरातली एक नवरी चढली होती, फोटोपुरती.
सगळे खालून ओरडत होते, हळू, हळू.

पहिल्याच आश्विनात भिंतींना पांढरी लव फुटली.
पुसली, आली.
रंग दिला, रंग सोलून आली.
जप्तीच्या कारकुनाने झुंबर मोजलं, आरसे मोजले,
बाहीला लागलेलं झटकलं.
त्याच महिन्यात शिलोत्र्यांची मोलकरीण
वाण्याकडे शेरभर मीठ उधार मागत होती.
आजी हे सांगताना हसायची नाही.
"घर जागला बघ मिठाला," म्हणायची,
आणि सूप पाखडायला घ्यायची.

परवा, पाडकामाच्या आधी, आत शिरलो.
बापाला जाऊन अकरा वर्षं झाली.
छतावर तो सात ठिकाणी उरला होता,
नाक झडलेला, गाल शाबूत.
जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून
एकापर्यंत हात पुरला.
गालावरून बोट फिरवलं,
जिभेला लावलं.