पान दोनशे चौदा

शहापूरच्या वाचनालयात, वरच्या फळीवर
ती कादंबरी होती. जगभर गाजलेली.
मलपृष्ठावर चार थोर माणसांची चार थोर वाक्यं.
ती उघडायला मी बावीस वर्षं घेतली.
घाई नव्हती. लुमाण्णानं सांगितली होती ना सगळी,
उद्यमबागेतून शिफ्ट सुटल्यावर
गोवावेसच्या कट्ट्यावर, भडंगाचा पुडा मधे ठेवून.

त्यात एक म्हातारा मेकॅनिक होता.
हजारो वर्षांनंतरचं जहाज, सगळ्यांचे कपडे चकचकीत,
ह्याच्या एकट्याच्या बाह्या तेलकट.
हुकूम येतो, ग्रह सोडा, खालची माणसं राहू देत खालीच,
तेव्हा हा इंजिनाचा एकच नट काढतो,
मुठीत धरतो, कप्तानाला म्हणतो,
‘आता बघू की, कसं जातायसा.’
एवढं सांगून लुमाण्णा गप्प.
मूठ तशीच मिटलेली. उजवी.
तिला बोटं तीनच.

परवा शेवटी वाचली.
पहिली साठ पानं नुसतं इंधनाचं गणित.
बायका तीन, तिघी दारात उभ्या,
कुणीतरी परत यायची वाट बघत.
सगळ्या विश्वात एकच भाषा.
कुठली, ते लेखकानं लिहिलं नाही;
बोर्ड रंगवायची वेळ आली असती
म्हणजे कळलं असतं त्याला.
कप्तान बोलतो, अडीच पानं बोलतो,
आणि जहाज निघतं. सुरळीत. वेळेवर.

मेकॅनिक?
पान दोनशे चौदा: ‘दरम्यान एक तंत्रज्ञ दगावला.’
नाव नाही. नट नाही.
मी मागं गेलो, पुढं गेलो,
पानांचे आकडे बसच्या तिकिटावर मांडले,
शिलाई बोटानं चाचपली.
एकही पान गळालेलं नव्हतं.

रविवारी अनगोळला गेलो.
लुमाण्णाच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, ऑपरेशन नुकतंच झालेलं.
सुनेनं कुंद्याच्या वाट्या पुढं ठेवल्या.
‘वाचलास?’
‘वाचलो.’
‘मग?’
म्हणणार होतो, रटाळ आहे,
जग कशाला नाचतंय हिच्यापायी.
म्हणालो, ‘मेकॅनिक नाही त्यात, मामा.’
तो चमच्यानं कुंदा टोकरत राहिला.
खूप वेळ.
‘पान फाडलं असंल की कुणीतरी.’
‘असंल,’ म्हणालो.

पुस्तक अजून परत केलेलं नाही.
दिवसाला रुपया दंड चढतोय.
त्या ओळीशेजारी समासात थोडी जागा आहे,
पेन्सिलही आहे घरात, टोक काढून ठेवलेली.
पण माझी पाचही बोटं शाबूत आहेत,
तेवढीच अडचण.