खाल्ल्या घरचे वासे

सातवीच्या सहामाहीत प्रश्न आला होता,
अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा:
खाल्ल्या घरचे वासे मोजणे.

मी लिहिलं, जेवण झाल्यावर छपराचा अंदाज काढणे.
वाक्य: बाबा काल वेलिंगला गेले
आणि खाल्ल्या घरचे वासे मोजून तिन्हीसांजेला परतले.

धुमे मास्तरांनी तांबड्या शाईने भोपळा काढला,
बाजूला 'कृतघ्नपणा' असं लिहिलं,
आणि उत्तर वर्गाला वाचून दाखवलं.
अख्खं माशेल हसलं असं मला तेव्हा वाटलं.
होती एकोणतीस मुलं.

पण आमच्यात सगळे तेच करत आले होते.
आधी जेवण. उपाशी मेस्ताचा आकडा चुकतो,
हे गिऱ्हाइकालाच जास्त ठाऊक.
उकड्या तांदळाचा भात, मुगागाठी, ताक.
मग हात पुसून शिडी.
बाबा पहिल्या वाशाला एक म्हणत नसत,
लाभ म्हणत.
लाभ, दोन, तीन, मोठ्याने,
खाली उभ्या बाईला कळावं म्हणून
आपण कशाकशाखाली झोपतो ते.

प्रत्येकाला हातोडीने एक टिचकी.
भरीव लाकूड 'टक्' म्हणतं.
पोकळ वासा काहीच म्हणत नाही,
नुसती पीठ गाळल्यासारखी वाळवी सांडते
आणि मोठ्या घरांत ती जास्त सांडते,
ही म्हण नव्हे, बाबांचा हिशेब.

बत्तीस वर्षांनी मास्तरांचा निरोप आला.
घर तीन खोल्यांचं, मागे दोन माड.
न्हाणीवर गळतंय, म्हणाले,
पण आधी पान वाढलंय.
मी जेवलो. मुगागाठीत गूळ जरा जास्त होता.
मग वर चढलो, मास्तरांनी शिडी धरली,
ऐंशी वर्षांचे हात,
शिडी माझ्यापेक्षा त्यांनाच सावरत होती.

लाभ, म्हणालो मी.
खालून आवाज आला, काय म्हणालास?
लाभ. एकाला आम्ही लाभ म्हणतो.
गप्प झाले.
मग म्हणाले, तुझा बाप वाशाला काय म्हणायचा?
वांसो, म्हणालो. नाकातून.

हां, ते म्हणाले, मुळात तो वंश.
वंश म्हणजे बांबू रे, पहिली छपरं बांबूचीच.
शब्द झिजत झिजत मराठीत वासा झाला,
वरचं टिंब वाटेत कुठंतरी सांडलं.
तुमच्या नाकात राहिलं.
रीप मात्र पोर्तुगिजांची,
ती आपण त्यांच्याकडून घेतली आणि परत दिली नाही.

मी एकोणिसाव्या वाशापाशी होतो.
धूर, उंदीर, जुनी कौलं, यांचा एक वास.
वळचणीकडचं टोक कुजलेलं,
आढ्याकडचं अजून माट्टीच्या गाभ्यासारखं लाल.
मास्तर, हा टाकायचा नाही, मी म्हणालो,
हा फिरवू. खालचं कापून टोक वर,
वरचं टोक खाली,
अजून वीस पावसाळे काढील.

घर फिरलं की, खालून ते पुटपुटले,
आणि म्हण पुरी केली नाही.

एकूण चव्वेचाळीस.
नऊ बाद, सहा फिरवायचे,
बाकी आपापल्या जागी ठीक.
उतरून चिठ्ठी लिहून दिली:
वासे ४४.
त्यांनी चष्मा लावला, खिसा चाचपला,
अजून तांबडंच पेन,
आणि 'वा'वर एक टिंब दिलं.

दुरुस्ती केली की गुण दिला
हे विचारायचं धाडस सातवीत नव्हतं,
आजही झालं नाही.

शिडी अजून भिंतीला आहे.
रिपा मोजायच्या राहिल्यात.